पहिली व्हायल उघडण्याआधी: कोकणातल्या लॅबमध्ये केमोकाईन हाताळताना

व्हायल, म्हणजे प्रोटीनची छोटी बाटली, हातात आली की नवीन मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, ही रिकामीच आलीय का?" रिकामी नसते. २० मायक्रोग्रॅम प्रोटीन म्हणजे एका ग्रॅमचा पन्नास हजारावा भाग. तो तळाशी धूसर पापुद्र्यासारखा असतो, नाहीतर झाकणाच्या आतल्या कडेला जाऊन बसलेला असतो, आणि बऱ्याचदा दिसतच नाही. त्या न दिसणाऱ्या पापुद्र्याचं पुढे काय करायचं, ते इथे सांगते. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत एम.एस्सी.चं किंवा पीएच.डी.चं पहिलं इम्युनॉलॉजीचं काम हाती घेणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय. उदाहरणाला रिकॉम्बिनंट ह्यूमन सीसीएल२ (दुसऱ्या सजीवाच्या पेशीत बनवून घेतलेलं एक मानवी केमोकाईन) घेतलंय, कारण त्याच्यासाठी लागणाऱ्या पेशी सहज मिळतात.

एक गोष्ट आधीच सांगते. केमोकाईनचे बरेच प्रयोग पेशींपर्यंत पोचण्याआधीच फसलेले असतात. प्रोटीन नळीच्या भिंतीला चिकटतं, वारंवार थॉ केल्याने (गोठलेलं वितळवल्याने) मरतं, दमट हवेत ओलं होतं, आणि आपण दोष देतो पेशींना. म्हणून या लेखाचा अर्ध्याहून जास्त भाग पेशी येण्याआधीचाच आहे.

हे आहे तरी काय

केमोकाईन ही साधारण ८ ते १० किलोडाल्टनची छोटी प्रोटीन्स. पांढऱ्या पेशींना वाट दाखवणं हे त्यांचं मुख्य काम. सुरुवातीच्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या मांडणीवरून त्यांची चार घराणी पडतात: सीसी, सीएक्ससी, एक्ससी आणि सीएक्स३सी. सीसीएल२ हे ७६ अमिनो आम्लांचं, वजन सुमारे ८.७ किलोडाल्टन. मोनोसाइट या पांढऱ्या पेशीवरच्या सीसीआर२ या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रोटीनला) ते जाऊन बसतं आणि मोनोसाइट त्याच्या दिशेने चालू लागतो. त्याचं जुनं नाव एमसीपी-१. नवी नावपद्धती २००० साली आली, पण कॅटलॉगमध्ये अजून दोन्ही नावं चालतात. त्यामुळे शोधताना दोन्ही टाका: आयएल-८ म्हणजे सीएक्ससीएल८, एसडीएफ-१ म्हणजे सीएक्ससीएल१२, रँटीस म्हणजे सीसीएल५.

पेशीला केमोकाईन नुसतं मिळून भागत नाही, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असा उतार लागतो. चुलीवर सुकट भाजायला घेतली की मांजर माजघरातून नेमकं चुलीपाशी येतं. घरभर सारखाच वास कोंदला की नुसतं म्याव म्याव करत फिरतं. हे लक्षात ठेवा, पुढे आलेख वाचताना कामाला येईल.

ऑर्डर देताना

पहिली गोष्ट, लायोफिलाइज्ड म्हणजे सुकवलेलंच प्रोटीन मागवा. द्रव स्वरूपातलं ड्राय आइसमध्ये येतं, आणि ड्राय आइसला वाटेत उशीर चालत नाही. पावसाळ्यात कुंभार्ली किंवा आंबा घाटात दरड आली की पार्सल कुठे अडकेल याचा भरवसा नाही. सुकवलेलं प्रोटीन बहुतेक कंपन्या साध्या तापमानालाच पाठवतात, आणि तेवढा प्रवास ते सोसतं. शुक्रवारी निघून शनिवारी संध्याकाळी पोचेल असं पार्सल घेऊ नका. गणपतीच्या आठवड्यात तर मागवूच नका. महामार्ग मुंबईहून येणाऱ्या गाड्यांनी भरलेला असतो आणि लॅबमधले निम्मे लोक गावी असतात, सही करून घ्यायलाही कुणी सापडत नाही.

दुसरी गोष्ट, डेटाशीट (कंपनीचं त्या प्रोटीनचं माहितीपत्रक) ऑर्डरच्या आधी वाचायची, नंतर नाही. तिच्यात काय पाहायचं?

प्रोटीन कशात बनवलंय ते पाहा. बहुतेक केमोकाईन ई. कोलाय या जीवाणूत बनवतात. त्यामुळे त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या नसतात. शरीरातल्या सीसीएल२ वर त्या असू शकतात. नेहमीच्या मायग्रेशनच्या (पेशी केमोकाईनकडे चालत जातात का ते बघण्याच्या) प्रयोगाला ई. कोलायमधलं चालतं.

एन-टोक, म्हणजे प्रोटीनच्या साखळीची सुरुवात, कसं आहे, हे मात्र बारकाईने पाहा. केमोकाईनचा सगळा जीव त्या टोकात असतो. रँटीसच्या सुरुवातीला एकच जादा मेथिओनिन राहिलं तर ते रिसेप्टरला चालू करण्याऐवजी अडवून धरतं, हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं. एका अमिनो आम्लाने औषधाचं विष व्हावं तसा हा प्रकार. त्यामुळे टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला छोटा तुकडा) लावलेलं प्रोटीन स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. टॅग हवाच असेल तर तो सी-टोकाला (साखळीच्या शेवटाला) आहे याची खात्री करा.

एंडोटॉक्सिन किती आहे? ई. कोलायच्या भिंतीतलं एलपीएस, म्हणजेच हे एंडोटॉक्सिन, प्रोटीनबरोबर येऊ शकतं. मोनोसाइट त्याला फार संवेदनशील असतात, आणि आपल्या कामात घोळ दुहेरी होतो: एलपीएस पेशींना भडकवतंच, शिवाय मोनोसाइटवरचं सीसीआर२ कमी करतं. म्हणजे ज्या दाराने सीसीएल२ आत यायचं तेच बंद. दर मायक्रोग्रॅमला १ ईयूच्या (एंडोटॉक्सिन युनिटच्या) खाली आकडा हवा, ०.१ च्या खाली असेल तर उत्तम. हा आकडा ज्या चाचणीने काढतात तिच्यासाठी हॉर्सशू क्रॅबचं रक्त लागतं. हा प्राणी आपल्या किनाऱ्यावर दिसत नाही, ओडिशाच्या किनाऱ्यावर त्याची आशियाई जात सापडते. आता त्याला पर्याय म्हणून रिकॉम्बिनंट फॅक्टर सीवर (त्या रक्तातलंच, पण लॅबमध्ये बनवलेलं प्रोटीन) चालणारी चाचणीही निघालीय.

शेवटचं, कॅरियर आहे की नाही ते बघा. कॅरियर म्हणजे प्रोटीन टिकावं म्हणून घातलेलं बीएसए, गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन. पेशींच्या प्रयोगाला ते चालतं. प्रोटीनला बायोटिन किंवा रंग जोडायचा असेल तर कॅरियर-फ्रीच घ्या, नाहीतर सगळा रंग बीएसए खाऊन टाकेल.

पार्सल आल्यावर

लगेच उघडू नका. लॉट नंबर (कंपनीने बनवलेल्या त्या खेपेचा क्रमांक) वहीत लिहा, डेटाशीटचा फोटो काढा आणि व्हायल उणे २० ला ठेवा. झिप पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकायला विसरू नका. निळी सिलिका आपल्याकडे जून-जुलैत बघता बघता गुलाबी होते. गुलाबी झालेली फेकायची नाही, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना तापवली की परत निळी होते.

आधी कागदावर गणित

व्हायल उघडण्याच्या आदल्या दिवशी हे गणित करून ठेवा. उघडलेली व्हायल समोर आणि हातात कॅल्क्युलेटर, असं काम करू नका.

समजा २० मायक्रोग्रॅमची व्हायल आहे. २०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवली तर १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजेच दर मायक्रोलिटरला १०० नॅनोग्रॅम. १० मायक्रोलिटरचा एक ॲलिकोट (एका वेळेपुरता वेगळा काढलेला वाटा) केला तर त्यात बरोबर १ मायक्रोग्रॅम येतो. अशा वीस नळ्या व्हायला हव्यात, प्रत्यक्षात एकोणीस भरतात, कारण टिपला थोडं लागून राहतंच. १० मायक्रोलिटरपेक्षा लहान ॲलिकोट करू नका. इतका लहान थेंब फ्रीझरमध्ये सुकत जातो.

आता प्रयोगाच्या दिवसाचं. एका ॲलिकोटमध्ये ३.३२ मिलिलिटर मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) घातला की ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर तयार. त्यातला १ मिलिलिटर घेऊन २ मिलिलिटर मीडियात टाका, १०० झालं. पुन्हा तसंच: ३३, ११, ३.७, १.२. सहा डोस, एकच ॲलिकोट. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला खालच्या बाजूला ६०० मायक्रोलिटर लागतात, तीन वेलला १.८ मिलिलिटर, आणि प्रत्येक नळीत किमान २ मिलिलिटर उरतात. हिशोब जमतो. मोलरमध्ये सांगायचं तर १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे १.१५ नॅनोमोलर. पेपर वाचताना हे लागतं, कारण कुणी नॅनोग्रॅममध्ये लिहितं, कुणी नॅनोमोलरमध्ये.

उघडण्याचा दिवस

व्हायल फ्रीझरमधून काढून बंदच ठेवा, अर्धा तास तरी. श्रावणातल्या हवेत थंड व्हायल उघडली की आतल्या भिंतीवर दव धरतं आणि सुकवलेलं प्रोटीन ते शोषून घेतं. आधी बाहेरून कोरडी पुसा. मग मायक्रोफ्यूजमध्ये छोटा स्पिन द्या, म्हणजे झाकणाला चिकटलेला पापुद्रा तळाशी येईल. झाकण हळू उघडा.

काय घालायचं ते डेटाशीट सांगेल, तिथे स्वतःची अक्कल चालवू नका. काही प्रोटीन्सना आधी निर्जंतुक पाणी लागतं, काहींना सरळ पीबीएस, म्हणजे फॉस्फेटचं खारं बफर. द्रव व्हायलच्या भिंतीवरून सोडा, थेट पापुद्र्यावर नको. बोटांत धरून हलकेच तिरपी करत फिरवा, मग दहा-पंधरा मिनिटं नुसती ठेवा. व्होर्टेक्स करायचा नाही आणि पिपेटने खळखळवायचं नाही, फेस आला की प्रोटीन गेलं. पारदर्शक झाल्यासारखं वाटलं तरी भिंती एकदा त्याच द्रवाने धुऊन घ्या.

पुढची पायरी बीएसएची. पीबीएसमध्ये ०.१ टक्का, म्हणजे १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, एंडोटॉक्सिन कमी असलेलं. पीबीएसमध्ये विरघळवायचं असेल तर हे बीएसए सुरुवातीलाच त्यात असू द्या. पाण्यात विरघळवायला सांगितलं असेल तर पाणी ठरलेल्या २०० मायक्रोलिटरपेक्षा थोडं कमी घ्या आणि उरलेल्या भागात जास्त तीव्र बीएसए घाला, म्हणजे शेवटी दोन्ही आकडे जुळतात. बीएसएशिवायचं पातळ केमोकाईन प्लॅस्टिकला आणि काचेला झपाट्याने चिकटतं. ही प्रोटीन्स बहुतेक धनभारित असतात आणि काचेशी त्यांचं फार जमतं. पॉलिप्रॉपिलीनच्या लो-बाइंड नळ्या वापरा. बीएसएचं द्रावण आधी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून घ्या, केमोकाईन घातल्यावर मात्र कधीही गाळू नका. निर्जंतुक करायच्या नादात पुष्कळसं प्रोटीन फिल्टरमध्येच राहतं, आणि खाली उतरलेलं पाणी दिसायला अगदी तसंच असतं. सोडियम अझाइडही नको, पेशी मरतील.

बर्फावर काम करायचं आणि लॅबचं आइस मशीन बंद असेल तर रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या बाजूला माशांसाठी बर्फाच्या लाद्या मिळतात. तिथल्या बर्फवाल्या काकांना सांगितलं की गोणपाटात गुंडाळून आणून देतात. चालतं, फक्त तो बर्फ नळीच्या कमरेपर्यंतच ठेवा, झाकणाला लागू देऊ नका, आणि हूडच्या (निर्जंतुक कामाच्या कपाटाच्या) आत तर अजिबात नको. त्याला बांगड्याचा वास येतो, आणि वासाबरोबर बाकीचंही बरंच काही येतं. मासेमारी बंदीच्या दिवसांत आधी फोन करून जा.

ॲलिकोट भरले की नळीवर प्रोटीनचं नाव, लॉट, तीव्रता, तारीख आणि आपली आद्याक्षरं. साधा मार्कर स्पिरिटचा हात लागला की पुसतो. क्रायो लेबल घ्या, नसेल तर कागदी पट्टीवर पेन्सिलने लिहून वर पारदर्शक टेप.

फ्रीझर आणि लाईट

उणे ८० असेल तर तिथे. नसेल तर उणे २०, पण घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर नको. बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून स्वतःच तापतो, आणि आपलं प्रोटीन दरवेळी थोडं वितळून परत गोठतं. एक ॲलिकोट एकदाच थॉ करायचा. उरलेला परत गोठवायचा नाही.

आपल्याकडे वादळी पावसात लाईट जातेच. दार उघडलं नाही तर भरलेला फ्रीझर बराच वेळ तग धरतो, रिकामा लवकर तापतो. म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून ठेवा. रात्री लाईट किती वेळ गेली होती हे सकाळी कळत नाही, त्यासाठी जुनी युक्ती आहे: छोट्या डबीत पाणी गोठवायचं आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. सकाळी नाणं बर्फाच्या आत रुतलेलं दिसलं तर फ्रीझर वितळून परत गोठलाय. त्या दिवशी तिथल्या ॲलिकोटवर प्रयोग करू नका.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर पिपेटची स्प्रिंग गंजते आणि तुम्हाला कळतही नाही. १० मायक्रोलिटरच्या ठिकाणी ८ येत असतील तर वरचं सगळं गणित पाण्यात. डिस्टिल्ड वॉटर काट्यावर तोलून अधूनमधून तपासा: १०० मायक्रोलिटर पाणी म्हणजे जवळपास १०० मिलिग्रॅम.

पेशी

सुरुवात टीएचपी-१ ने करा. ही मोनोसाइटसारखी मानवी पेशींची लाइन आहे आणि पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) पेशीसंग्रहातून मिळते. मीडिया आरपीएमआय १६४०, त्यात १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम), ०.०५ मिलिमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. दर मिलिलिटरला दोन ते आठ लाखांच्या मध्ये ठेवा, दहा लाखांवर जाऊ देऊ नका. दाट झालेल्या, थकलेल्या पेशी चालत नाहीत. पीएमए (मोनोसाइटला मॅक्रोफाजसारखं बनवणारं रसायन) देऊन चिकटवलेल्या टीएचपी-१ या कामाला घेऊ नका, त्यांच्यावरचं सीसीआर२ उतरलेलं असतं.

स्वयंसेवकांच्या रक्तातून मोनोसाइट काढायचे असतील तर आधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि लेखी संमती. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचा. आपल्याच मित्राचं रक्त आहे म्हणून सूट मिळत नाही. रक्त हेपरिनच्या नळीत घेतलं तर पेशी नीट धुऊन घ्या, हेपरिन केमोकाईनला धरून ठेवतं.

मायग्रेशन

मायग्रेशन मोजायची ही पद्धत स्टीफन बॉयडन यांनी १९६२ मध्ये मांडली, आणि आजचे ट्रान्सवेल इन्सर्ट (वेलमध्ये बसणारे छोटे पेले) त्याच वंशातले. वरच्या कप्प्यात पेशी, खाली केमोकाईन, मध्ये भोकांचा पडदा. टीएचपी-१ साठी ५ मायक्रॉनची भोकं घ्या. ८ मायक्रॉनमधून त्या नुसत्याच खाली गळतात.

पेशी एफबीएस नसलेल्या मीडियात दोनदा धुवा, कारण सीरममध्ये स्वतःचीच खेचणारी द्रव्यं असतात. मग आरपीएमआय आणि बीएसएमध्ये दर मिलिलिटरला ५० लाख करा. वर १०० मायक्रोलिटर, म्हणजे ५ लाख पेशी. खालचं केमोकाईन आधी भरा. इन्सर्ट तिरपा धरून एक कड आधी टेकवा आणि हळू खाली बसवा. सरळ दाबला तर पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि त्या वेलमध्ये काहीच उतरत नाही. प्लेट उचलून खालून बघा, बुडबुडा चंद्रकोरीसारखा दिसतो. दिसला तर इन्सर्ट काढून परत बसवा. हे पेशी घालण्याआधी करायचं. ३७ अंशांना, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन ते तीन तास. इनक्युबेटरचं दार मध्ये उघडू नका.

सहा डोस तीन-तीन वेलमध्ये, नुसत्या मीडियाच्या तीन, अशा एकवीस झाल्या. उरलेल्या तीन वेलमध्ये वर आणि खाली दोन्हीकडे १०० नॅनोग्रॅम घाला. त्यासाठी दुसरा ॲलिकोट काढावा लागतो, आणि तो काढाच. इथे उतार नाही, त्यामुळे दिशाही नाही. तरीही पेशी उतरल्या तर ती नुसती वळवळ आहे, पाठलाग नाही. ही तीन वेल नसलेला निकाल मी तरी मान्य करत नाही. प्रयोग हाताला बसला की पर्टुसिस टॉक्सिनचा कंट्रोलही लावा. ते रिसेप्टरचा निरोप पेशीत पोचवणारं जीआय प्रोटीन अडवतं, त्यामुळे खरं मायग्रेशन थांबायला हवं.

वेळ झाली की इन्सर्ट काढा आणि खालच्या पेशी मोजा. तळाला चिकटलेल्या सुटाव्यात म्हणून थोडं थंड ईडीटीए घालून हलवा. फ्लो सायटोमीटर (पेशी आपोआप मोजणारं यंत्र) नसला तरी न्यूबॉअर चेंबर (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची चौकटींची काच) पुरतो, वेळ लागतो एवढंच. मीडियाच्या वेलमध्ये जितक्या उतरल्या त्याच्या किती पट केमोकाईनमध्ये उतरल्या, हा तुमचा इंडेक्स.

आलेख वाचताना

डोस वाढवत गेलं की पेशी वाढत जातील अशी अपेक्षा असते. तसं होत नाही. आलेख चढतो, एका ठिकाणी माथा गाठतो आणि परत उतरतो. ३०० ला १०० पेक्षा कमी पेशी आल्या म्हणून प्रोटीन खराब समजू नका. घरभर वास कोंदलाय, रिसेप्टर आत ओढले गेलेत. आलेख असा परत उतरताना दिसला तर उलट बरं वाटायला हवं, प्रोटीन जिवंत असल्याचीच ती खूण आहे.

सगळीकडे सपाट रेघ आली तर आधी पेशी किती जिवंत होत्या ते ट्रायपॅन ब्लूने (हा रंग मेलेल्या पेशींतच शिरतो) बघा, मग सीसीआर२ ची अँटिबॉडी लावून रिसेप्टर आहे का ते. दोन्ही ठीक असेल तर त्याच दिवशी नवा ॲलिकोट काढून १०० नॅनोग्रॅमवर एकच वेल चालवा. नव्याने चाललं तर गडबड जुन्या ॲलिकोटमध्ये किंवा तो पातळ करताना झाली. नव्यानेही नाही चाललं तर फ्रीझरमधलं नाणं बघा. मीडियाच्या वेलमध्येच भरमसाट पेशी उतरत असतील तर बीएसए बदला आणि वेळ कमी करा.

लॉट संपत आला की शेवटचे दोन ॲलिकोट वापरू नका, राखून ठेवा. नवीन व्हायल आली की त्या दिवशी जुना आणि नवा लॉट एकाच प्लेटवर, त्याच पेशींवर चालवा. दोन्हींचा माथा एकाच डोसला येतोय का ते बघा. वेगळा आला तर पुढच्या सगळ्या प्रयोगांचा डोस त्याप्रमाणे बदला, आणि वहीत लॉटच्या नंबराशेजारी तो नवा आकडा लाल पेनाने लिहा.